जुना दगड, नवे देऊळ

जीर्णोद्धार म्हणजे जुने मोडून नवे करणे, असा अर्थ अलीकडे रूढ होऊ पाहत आहे. देवळाचे काम निघाले की आधी ट्रॅक्टर येतो, आणि ज्या पायरीवर पिढ्यान्‌पिढ्या भाविकांनी डोके टेकले ती पायरी ओढ्याकाठी भराव म्हणून जाऊन पडते. वास्तविक जे जीर्ण झाले त्याचाच उद्धार करावयाचा असतो. या दृष्टीने गोव्यातील कुर्डी येथील महादेव मंदिराची हकीकत ग्रामस्थांनी व देणगीदारांनी ध्यानी घेण्यासारखी आहे.

कुर्डी हे सांगे तालुक्यातील गाव. थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म १९०४ साली याच गावी झाला. गोवा १९६१ साली मुक्त झाल्यानंतर तेथे साळावली धरण बांधण्याचे ठरले, व १९८० नंतरच्या दशकात कुर्डी पाण्याखाली गेले. घरदार, शेते, माड सोडून लोकांना दुसरीकडे वसावे लागले. महादेवाचे प्राचीन दगडी मंदिरही बुडीत क्षेत्रात होते. ते पाण्याच्या स्वाधीन केले नाही, किंवा त्याच्या नावाने सिमेंटचे नवे देऊळ बांधून समाधानही मानले नाही. मंदिराचे दगड एकेक करून उतरविले, धरणाजवळच्या सुरक्षित जागी नेले व तेथे तेच मंदिर पुन्हा उभे केले.

अशा कामात प्रथम नकाशा काढतात व प्रत्येक दगडावर क्रमांक घालतात. शिखराकडून सुरुवात करून जोत्यापर्यंत उतरावयाचे आणि उभारताना उलट क्रमाने चढावयाचे. क्रमांक पुसला गेला की त्या दगडाची जागा शोधता शोधता कारागीर हैराण होतो. काम सावकाशीचे असते; ठेक्याची घाई येथे चालत नाही.

हे शक्य होते ते जुन्या बांधणीमुळे. यादवांचा प्रधान हेमाद्री याच्या नावावरून ज्यांना हेमाडपंती म्हणतात (त्यांतील कित्येक त्याच्याही आधीची आहेत), ती देवळे चुन्याशिवाय रचलेली आहेत. दगडात खाच पाडून दुसरा दगड त्यात बसवावयाचा, आणि वरच्या भाराने सर्व आवळून धरावयाचे. सिन्नरचे गोंदेश्वर असेच उभे आहे. जोड सुटणारा असल्यामुळे एखादे देऊळ पडले तरी त्याचा घडीव दगड वाया जात नसे. पडक्या देवळांचे कोरीव दगड आजही कोठे बारवेत, कोठे वेशीच्या भिंतीत बसविलेले दिसतात.

चुन्याच्या बांधकामातही हीच सोय होती. चुना विटेपेक्षा मऊ, त्यामुळे भिंत उतरविली तरी वीट खरवडून पुन्हा कामास येई. फुटक्या विटा कुटून त्यांची सुरखी करीत व ती चुन्यात मिसळून घाणीत मळीत. वाड्याच्या तुळया खाच आणि खुंटीने जोडलेल्या असत. म्हणून एका घरचे सागवान उतरवून दुसऱ्या घरी चढविता येई. सिमेंटने बांधलेली वीट मात्र सोडवू गेल्यास बहुधा विटेचाच तुकडा पडतो. सिमेंटवर रोष धरण्याचे कारण नाही. धरणे, पूल त्याविना कसे व्हावेत? परंतु जुन्या दगडी भिंतीच्या सांध्यात ते भरले म्हणजे ओल आत कोंडते व दगडाचे पापुद्रे निघू लागतात. तेथे चुनाच हवा.

पाडकामाच्या ढिगाऱ्यांचा प्रश्न पुढे शहरांनाही भेडसावू लागला. तेव्हा केंद्र सरकारने २०१६ साली बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्यासाठी नियम केले. काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड व प्लॅस्टिक, विटा व गिलावा हे सर्व निरनिराळे ठेवावे, असे त्यांत सांगितले होते. प्लॅस्टिक वगळले तर हे ढीग गावच्या जुन्या गवंड्याच्या कामावर नियमाची वाट न पाहता वेगवेगळेच लागत असत.