सभाभीती : स्वरूप, कारणे आणि उपाय

व्यासपीठावर, रंगमंचावर किंवा मुलाखत मंडळासमोर उभे राहताना मनात दाटणाऱ्या अस्वस्थतेला सभाभीती म्हणतात. घशाला कोरड पडणे, हातापायांना कापरे भरणे, पोटात गोळा येणे आणि पाठ असलेला मजकूर ऐन वेळी न आठवणे ही तिची परिचित लक्षणे होत.

शरीरात काय घडते?
धोक्याची जाणीव होताच अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन स्रवते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्त पचनसंस्थेकडून स्नायूंकडे वळते, लाळ कमी होते. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये याचे ‘लढा किंवा पळा’ असे वर्णन केले. श्रोत्यांच्या नजरांनाही शरीर संकटच समजते.

थोरांनाही न चुकलेली
मोहनदास गांधी मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्या खटल्यात उलटतपासणीस उभे राहिले. परंतु डोके गरगरू लागले, प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि खटला दुसऱ्या वकिलाकडे सोपवण्यास त्यांनी सांगितले. याच संकोचाने शब्दांची काटकसर शिकवली, असे पुढे त्यांनी आत्मकथेत नोंदवले.

सामना कसा करावा?
पहिला उपाय तालमीचा. आरंभीची चार वाक्ये पक्की असली की पुढची वाट सुकर होते. गावोगावच्या जत्रोत्सवांत नाटके करणारे हौशी कलाकार ओळखीच्या प्रेक्षकांसमोर, लहान भूमिकांपासून असाच सभाधीटपणा कमावतात. दुसरा उपाय श्वासाचा : उच्छ्वास श्वासापेक्षा लांब ठेवल्यास ठोके संथ होतात. तिसरा उपाय दृष्टिकोनाचा. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत स्वतःला ‘शांत हो’ असे बजावणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्सुक आहे’ असे म्हणणाऱ्यांची भाषणे सरस ठरली. शिवाय वक्त्याला वाटते तितकी त्याची धडधड श्रोत्यांना जाणवत नाही.

साहाय्य केव्हा घ्यावे?
थोडी धाकधूक स्वाभाविक आहे. मात्र तिच्यापायी मूल तोंडी परीक्षा टाळू लागले किंवा प्रौढ व्यक्ती नोकरीची संधी सोडू लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. ठोके मंदावणाऱ्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. दमेकऱ्यांना त्या घातक ठरू शकतात. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य उपलब्ध आहे.