झोनची गाडी पहाटे येते

फेब्रुवारी 1960ची अखेर. मॉरिशसच्या मधल्या पठारावर, उसाच्या पाल्याने शाकारलेल्या एका घरात तुम्ही चार कुटुंबांसोबत दाटीवाटीने बसला आहात. बाहेर कॅरोल नावाचं चक्रीवादळ घोंघावतंय. याआधीचं अ‍ॅलिक्स येऊन गेल्याला दोन महिनेही झालेले नाहीत. सकाळी दार ढकलता तर दार आहे, छप्पर नाही. समोरचा सगळा ऊस आडवा.

ऊस आडवा म्हणजे देश आडवा. या बेटाच्या निर्यातीत नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा साखरेचाच. मलेरिया आटोक्यात आलाय, मुलं जगू लागलीत, घरटी पाच-सहा पोरं. बेट मात्र सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. पुढच्याच वर्षी जेम्स मीड हे इंग्रज अर्थतज्ज्ञ अहवाल देतील, की इतकी माणसं, एकच पीक, त्यात जातीधर्मांच्या भिंती, तेव्हा इथे शांततेने प्रगती होण्याची आशा फारशी नाही. मीड यांना पुढे नोबेल मिळालं. त्यांचं गणित चुकीचं नव्हतंच. त्या छप्पर उडालेल्या घरात बसून तुम्हीही तेच लिहिलं असतं.

आठ वर्षं पुढे या. जानेवारी 1968, पोर्ट लुई. क्रिऑल, म्हणजे गुलामांच्या वंशजांच्या, आणि मुस्लिम वस्त्यांमध्ये दंगल पेटलीय, ब्रिटिश सैनिक उतरलेत. गल्लीगल्लीतून हातगाड्यांवर पलंग, शिवणयंत्रं, कोंबड्यांच्या टोपल्या निघाल्यात. दोन महिन्यांनी, 12 मार्चला, शां द मार्सच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर भरदुपारी नवा झेंडा चढतो. शिवसागर रामगुलाम पंतप्रधान होतात. गर्दी टाळ्या वाजवते, पण सगळं बेट टाळ्या वाजवत नाही. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत जवळजवळ 44 टक्के मतं स्वातंत्र्य मागणाऱ्या आघाडीच्या विरोधात पडली होती. ज्यांना जमतं ते ऑस्ट्रेलियाचं तिकीट काढतात.

आता तुम्हाला जिथे थोडं थांबायचंय तिथे नेतो. 1980च्या दशकाचा मध्य. पहाट, अंधार. पूर्वेकडच्या एका गावात, रस्त्याच्या कडेला पाच-सहा मुली स्वेटर ओढून उभ्या आहेत, कुणाच्या हातात डबा, कुणाच्या केसांना अजून ओल. गाडी येते. ती झोनची गाडी. निर्यात-प्रक्रिया क्षेत्राचा कायदा 1970चा. पण ‘क्षेत्र’ म्हणून कुंपण घातलेला माळ तुम्ही शोधाल तर सापडणार नाही. माल बाहेर विकणारा कारखाना बेटावर कुठेही असो, त्याला करसवलत. म्हणून कारखाना गावापर्यंत आला, आणि ज्या बापाने मुलीला कधी पोर्ट लुईला पाठवलं नसतं, त्याने तिला कोपऱ्यावरच्या शेडमध्ये पाठवलं.

तुम्ही तिच्यासोबत आत शिरा. विणकामाच्या यंत्रांच्या रांगा, लोकरीची धूळ, नाकाला फडकं. बेटाची स्वतःची लोकर नाही, तरी इथून स्वेटर युरोपला जातात. भांडवल हाँगकाँगहून आलंय, आणि साखरेच्या बागायतदारांकडूनही. 1974च्या आसपास साखरेला सोन्याचा भाव आला आणि 1975च्या लोमे करारामुळे युरोपला दरसाल पाच लाख टन साखर ठरलेल्या दराने जाऊ लागली. तो पैसा हॉटेलांत आणि यंत्रांत ओतला गेला. शहाणपण त्यात होतं, पण दुसऱ्याने दिलेला भावही होता. ‘मॉरिशसचा चमत्कार’ म्हणणारे हा भाव विसरतात.

आणि या मुलींनाही विसरतात. कायद्याने बाईचा किमान पगार पुरुषाहून कमी. तो फरक 1984पर्यंत टिकला. जादा तास सक्तीचे. तरी पगाराच्या शनिवारी ती बाजारात उभी राहते तेव्हा तिचा चेहरा बघा. ज्या बेटावर दर पाचांतला जवळजवळ एक माणूस बेकार होता, त्या बेटावर दशक संपेस्तोवर मालक कामगार शोधत हिंडू लागले. मुलींनी लग्नं उशिरा केली, पोरं कमी झाली. मीड यांचं गणित जिने मोडलं ती ही, नाकाला फडकं बांधलेली.

पण सगळ्यांच्या दारात गाडी आली नाही. फेब्रुवारी 1999, पोर्ट लुईची रोश ब्वा वस्ती. बेटाचं सेगा संगीत आणि रेगे एकत्र करणारा गायक काया गांजाच्या प्रकरणात अटकेत असताना कोठडीत मरतो, आणि क्रिऑल वस्त्या पेटतात. गुलामांच्या वंशजांपैकी कितीतरींना ना जमीन मिळाली होती, ना नोकरशाहीत जागा. शागोस बेटांवरून ज्यांना हाकलून पोर्ट लुईच्या धक्क्यावर सोडलं, त्यांच्या वाट्याला तर झोपडीच आली. रस्त्यावरच्या जळत्या टायरांच्या वासात उभे राहून ‘चमत्कार’ शब्द उच्चारून बघा.

मग 2005 उजाडतं, कपड्यांच्या आयातीवरचे जागतिक कोटे संपतात, पाठोपाठ युरोप साखरेचा भावही खाली आणतो. स्वेटरवाल्या बायका घरी बसतात. एकेक साखर कारखाना बंद होतो, उरलेले चिपाडावर वीज करून सरकारला विकतात. कोल्हापूरकराला ही सहवीजनिर्मिती समजावून सांगायला नको. दुसरीकडे एबेनच्या सायबरसिटीत भारतीय कर्जाच्या मदतीने काचेचे मनोरे उभे राहतात.

ऑगस्ट 2020ला मात्र मायबूरच्या किनाऱ्यावर उतराच. वाकाशियो जहाज प्रवाळावर अडकून फुटलंय, काळं तेल खाडीत पसरतंय. सरकार म्हणतं, आमच्यावर सोडा. कुणी सोडत नाही. ऊसतोडीचा हंगाम आहे. ट्रकभरून पाचट येतं. तुम्हीही मांडी घालून बसा. कापडाच्या लांब पिशव्यांत पाचट कोंबायचं, तरंगण्यासाठी रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या, मग टोकं शिवायची. शेजारी एक पन्नाशीची बाई टाके घालतेय, झपाझप, न बघता. हे हात कुठे तयार झाले हे विचारायची गरज नाही. पलीकडे हिजाबातली मुलगी, पलीकडे मच्छीमार. 1968च्या हातगाड्या आठवतात.

शेवटची उडी आजची. मेट्रोने पोर्ट लुईला उतरा. रूळ मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने टाकलेत, बऱ्याच ठिकाणी 1964ला बंद झालेल्या रेल्वेच्या जुन्या वाटेवरून. गणेश चतुर्थीची इथे सार्वजनिक सुट्टी असते. रत्नागिरी-साताऱ्याकडून गेलेल्यांचे वंशज तेव्हा कास्कावेलच्या बाजूला झाकरी नाचतात. स्थानकाजवळ आप्रवासी घाट आहे: 1834पासून करारावर आलेल्या साडेचार लाख भारतीयांपैकी बहुतेकांनी इथेच पहिलं पाऊल ठेवलं.

घाटासमोर बसथांब्यावर एक बांगलादेशी तरुण उभा आहे. कापड कारखान्यात काम, वसतिगृहात राहणं. बेटाला आता स्वतःची माणसं पुरत नाहीत, म्हणून त्यालाही करारावर आणलंय. तुम्ही विचारता, करार किती दिवसांचा? तो मोडक्या हिंदीत सांगतो, कागद फ्रेंचमध्ये आहे, मॅनेजरला माहीत. आणि मग तोच तुम्हाला विचारतो, इथे मोबाईलचं रिचार्ज कुठे मारून मिळेल.