सैतानाचं नख

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कंपनीतले इंजिनिअर एका विचित्र खुणेने हैराण झाले होते. टेस्टवर काही तास चालवलेलं रोटरी इंजिन उघडलं, की हाउसिंगच्या आतल्या चकचकीत क्रोमवर आडव्या लाटांसारखे ओरखडे दिसायचे, कुणीतरी आतून नखं ओढल्यासारखे. त्यांनी त्याला नाव दिलं : सैतानाच्या नखांचे ओरखडे. ही कंपनी म्हणजे आजची माझदा.

आज जगात कुठेही एखादा मेकॅनिक जुनं रोटरी इंजिन रिबिल्ड करायला घेतो, तेव्हा पहिल्यांदा तेच हाउसिंग उजेडात धरतो आणि त्यावरून स्वतःचं नख फिरवतो. नख अडकलं तर पार्ट बाद. या दोन नखांच्या मधला इतिहास मला रोटरीच्या रेसिंगच्या इतिहासापेक्षा जास्त रंजक वाटतो.

त्रिकोण आणि तीन पट्ट्या

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आपण फोर स्ट्रोक शिकतो. पिस्टन खाली-वर, व्हॉल्व्ह उघड-बंद. फेलिक्स व्हांकेल या जर्मन माणसाला हे खाली-वर प्रकरणच नको होतं. त्याच्याकडे ना विद्यापीठाची पदवी, ना ड्रायव्हिंग लायसन्स. नाझी राजवटीशी त्याचे संबंध होते, एसएसमध्येही तो काही काळ होता. त्याची गोष्ट सांगताना हे गाळता येत नाही. एनएसयू कंपनीसोबत केलेलं त्याचं इंजिन १९५७ मध्ये पहिल्यांदा चाललं. पुढे हान्स डीटर पाश्के या इंजिनिअरने त्याची रचना सोपी केली आणि तीच रूढ झाली.

त्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर कमरेत किंचित दबलेल्या लंबगोल हाउसिंगमध्ये फिरतो. व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाही. पण त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना एकेक बारीक पट्टी असते, एपेक्स सील. पिस्टन रिंगचं काम इथे ही पट्टी करते, पण तिचं आयुष्य जास्त खडतर. ती थांबत नाही, भिंतीशी तिचा कोन सतत बदलतो आणि एका फेरीतच गॅसचा दाब कधी या बाजूने तर कधी त्या बाजूने येतो. सगळं इंजिन या पट्टीच्या जिवावर चालतं.

एनएसयूने १९६७ मध्ये रो ८० ही देखणी गाडी आणली. १९६८ चा युरोपातला ‘कार ऑफ द इयर’ पुरस्कारही तिला मिळाला. पण सुरुवातीच्या गाड्यांची सील लवकर झिजली आणि वॉरंटीत इंजिनं बदलता बदलता कंपनी मेटाकुटीला आली. दोन रो ८० समोरासमोर आल्या की चालक हात करून बोटं दाखवतात, आतापर्यंत किती इंजिनं बदलली ते, असा विनोद तेव्हा प्रसिद्ध होता. १९६९ मध्ये एनएसयू फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली.

सत्तेचाळीस जण

तोयो कोग्योने १९६१ मध्ये एनएसयूशी करार केला. त्यामागे हौस कमी आणि भीती जास्त होती. जपान सरकारला छोट्या मोटार कंपन्या मोठ्यांमध्ये विलीन करायच्या होत्या. इतर कुणाकडे नाही असं काहीतरी हाती हवं, हे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनी ओळखलं. १९६३ मध्ये केनइची यामामोतो यांच्या हाताखाली रोटरीचा स्वतंत्र विभाग निघाला. माणसं ४७. जपानी दंतकथेतल्या ४७ रोनिनांशी हा आकडा जुळला, आणि ते नाव त्यांना कायमचं चिकटलं.

सीलसाठी त्यांनी हाताला लागेल ते तपासलं. गाई-घोड्यांची हाडंसुद्धा वापरून पाहिली, असं सांगितलं जातं. खरा उलगडा झाला तो वेगळ्या प्रश्नातून. दोष कठीणपणाचा नसून कंपनाचा असेल तर? पट्टी तिच्या स्वाभाविक वारंवारतेने थरथरत असणार आणि दर थरथरीला क्रोमवर एक ठोका बसत असणार. त्यांनी सीलमध्ये लांबीच्या दिशेने एक आणि तिला आडवं जाणारं एक अशी भोकं पाडली. वारंवारता बदलली आणि ओरखडे गेले. उत्पादनात मात्र शेवटी ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची सील आली. मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात उतरली, ४९१ सीसीचे दोन रोटर घेऊन.

बग लॉगमध्ये एका जागी दिसतो आणि असतो भलतीकडेच, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना रोजचं आहे. ओरखडा हाउसिंगवर होता, आजार सीलमध्ये होता.

उघडण्याआधी, उघडल्यावर

माझदाने सुमारे २० लाख रोटरी गाड्या बनवल्या. त्यांतल्या आठ लाखांहून जास्त एकट्या आरएक्स-७. शेवटची आरएक्स-८ २०१२ मध्ये निघाली. म्हणजे आज रिबिल्डला येणारं इंजिन बहुतेकदा जुन्या पार्टमधूनच पुन्हा उभं राहतं. चांगलं हाउसिंग फेकलं तर ते परत मिळेल याची खात्री नाही. वाईट हाउसिंग ठेवलं तर नवी सील, वेळ आणि पैसा सगळं पाण्यात.

तपासणी इंजिन बंदिस्त असतानाच सुरू होते. साधा कॉम्प्रेशन गेज इथे फसवतो. प्रत्येक रोटरचे तीन चेंबर, आणि गेज त्यांतला सर्वांत मोठा आकडा धरून बसतो. त्याचा व्हॉल्व्ह मोकळा ठेवून काट्याच्या तिन्ही उड्या वेगळ्या बघाव्या लागतात. एपेक्स सील दोन चेंबरांच्या मधली भिंत असते, त्यामुळे ती गेली की शेजारच्या दोन उड्या पडतात. एकच पडली तर संशय बाजूच्या सीलवर.

मग उघडायचं. हाउसिंग ॲल्युमिनियमचं, आत पोलादी पत्रा, त्यावर क्रोम. क्रोमचे पोपडे बहुधा कडेला निघतात. पुस्तक म्हणतं, पोपडा दिसला की पार्ट बदला. अनुभवी बिल्डर रस्त्यावरच्या गाडीत कडेचा बारीक पोपडा चालवून घेतो, रेसच्या गाडीत नाही. मधोमध नख अडकलं तर मात्र वाद नाही. तुटलेल्या सीलचा तुकडा आत फिरला असेल तर रोटरच्या टोकाशी पोचा दिसतो आणि त्या जागेवरची खोबण वाकडी झाली असण्याची शक्यता असते.

बाजूच्या बिडाच्या प्लेटवर स्ट्रेट एज आणि फीलर गेज. बाक ०.०४ मिलिमीटरच्या आत हवा, झिजेची पायरी ०.१० च्या आत. घासून सपाट करता येते, पण नंतरच्या इंजिनांत वरचा थर नायट्रायडिंगने कठीण केलेला असतो. जास्त घासलं तर कवच जातं आणि खालचं मऊ बीड उघडं पडतं. पाण्याच्या सीलच्या खोबणीची कड गंजून खाल्ली असेल तर प्लेट वरून कितीही सुंदर दिसली तरी पाणी आत येणार. रोटरच्या बेअरिंगमध्ये तांबं दिसलं, बदला. रबर सील आणि स्प्रिंग तर वाचवण्याच्या फंदात पडूच नये, उष्णतेने त्यांचा जीव गेलेला असतो.

कठीण सील घातलं तर इंजिन जास्त टिकेल, असं वाटणं साहजिक आहे. पण मग सील टिकतं आणि हाउसिंग झिजतं. सील स्वस्त, हाउसिंग दुर्मिळ. झिजायचं कुणी, हे ठरवणं म्हणजेच रिबिल्ड. यामामोतोंच्या माणसांनी कार्बनचं सील निवडलं, तेव्हाही निर्णय याच जोडीचा होता.

२०२३ मध्ये माझदाने एमएक्स-३० मध्ये बॅटरी चार्ज करण्यापुरतं एका रोटरचं ८३० सीसीचं इंजिन पुन्हा आणलं. त्यात सीलची जाडी २ मिलिमीटरवरून २.५ केली आहे. साठ वर्षं झाली, तरी वाद त्याच पट्टीशी चालू आहे.