निळा की काळा? वत्सगुल्मच्या भिंती आणि आमची भिंत

आजचा एपिसोड इतिहासाचाच आहे, पण सुरुवात आमच्या घरातल्या वादानं करतो.

वाशीमला आमच्या घराचं रंगकाम काढलंय. बैठकीतली टीव्हीमागची एक भिंत गडद करायची, हा माझा हट्ट. शेडकार्डवरचे दोन रंग मी पक्के केले. एक शाईसारखा गडद निळा. दुसरा कोळशासारखा, त्यात निळ्याची अगदी किंचित झाक. सवयीप्रमाणे दोघांचे आरजीबी आकडे काढून बघितले, तर फरक किरकोळ. बाबा म्हणाले, "भितीले काया रंग कोन देते बे?" आजीनं दोन्ही कार्डं नाकाजवळ नेली, मागं-पुढं केली आणि निकाल दिला, "दोन्ही त कायेच हायेत."

बाबांना गडद भिंती म्हणजे मोबाईलवरून आलेलं खूळ वाटतं. पण याच गावच्या दरबारातल्या एका माणसानं साधारण १५०० वर्षांपूर्वी एक अख्खं निवासस्थान आतून रंगवून घेतलं होतं, आणि त्यातही काळा आणि निळा हा प्रश्न होताच.

वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. आपण शाळेत हे एका ओळीत उरकतो, पण ही वेगळी शाखा होती हे नीट कळलं ते १९३९ मध्ये, वाशीमलाच दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडल्यावर. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी पुढे वाकाटकांचे सगळे लेख एकत्र संपादित केले, तो ग्रंथ १९६३ चा. या शाखेचा शेवटचा मोठा राजा हरिषेण, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. आणि त्याचा मंत्री वराहदेव. अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं या वराहदेवानं दिलं. बाहेरच्या भिंतीवर त्याचा लेख आहे.

आता हे लेणं म्हणजे देऊळ नाही, विहार आहे. मधे मोठं दालन, भोवती भिक्षूंच्या १४ खोल्या, मागे बुद्धमूर्ती. म्हणजे लोक तिथे राहायचे, झोपायचे. वराहदेवाच्या लेखात खिडक्या, दारं, जिने, खांब आणि चित्रांच्या वीथी यांचं कौतुक आहे. नवीन फ्लॅटची जाहिरात वाचतोय असं वाटतं मला तो भाग वाचताना.

पण उजेडाचं काय? दगडात खोल कोरलेली खोली. समोरून जो काही उजेड येईल तो, नाहीतर दिवा. अशा ठिकाणी रंगवणाऱ्यांचं बहुतेक सामान जवळपासच्या मातीतलं होतं. लाल आणि पिवळा गेरू. हिरवी माती, जी दख्खनच्या काळ्या दगडातच मिळते. पांढऱ्यासाठी चुना आणि तत्सम पांढरी माती. काळ्यासाठी काजळी, दिव्याची. फुकट म्हणा ना.

आणि निळा? तो कुठून आला माहितेय? बदख्शानहून, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातून. लाजवर्द नावाचा दगड, संस्कृतात राजावर्त. तो कुटून, धुऊन, वाटून त्याचा रंग करायचा. अजिंठ्याच्या सगळ्यात जुन्या चित्रांत, म्हणजे ९ आणि १० क्रमांकांच्या लेण्यांमधल्या सुरुवातीच्या कामात, हा निळा नाही. तो येतो या वाकाटक काळात. याची एक गंमत आहे. खूप बारीक वाटला तर तो फिका, राखाडी पडतो. जरा भरड ठेवला तरच गडद राहतो. म्हणजे महागडी वस्तू जास्त घोटली की वाया.

इथे मी अडकलो. तेलाच्या दिव्याच्या पिवळट उजेडात निळे किरण फार कमी असतात. त्या उजेडात गडद निळा आणि काजळी शेजारी ठेवा, दोन्ही काळेच दिसणार. मग इतक्या लांबून दगड आणायचा कशाला? काजळी होतीच की! माझं उत्तर असं: तो रंग दिव्यासाठी नव्हताच, दिवसासाठी होता. सकाळी समोरून उजेड आत आला की काळं वाटणारं काही काळंच राहतं आणि काही निळं होतं. दोन रंगांतला फरक भिंतीवर नसतो, उजेडात उघडतो. आई हेच रोज सांगत होती, मी ऐकत नव्हतो. संक्रांतीची काळी साडी घेताना बायका ती दुकानाबाहेर नेऊन बघतात. का? ट्यूबलाइटखाली घेतलेली काळी घरी येऊन गडद निळी निघते.

आपल्या भाषेनंही हा गोंधळ कधी मनावर घेतला नाही. पंढरीचा विठ्ठल अभंगांमध्ये काळा आहे, सावळा आहे आणि निळाही आहे. कुणी त्यावर वाद घातला नाही. रंगाऱ्यांना मात्र फरक लागायचाच. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात राजावर्त आणि नीळ हे वेगवेगळे मोजलेत. नीळ झाडाची, राजावर्त दगडाचा. झाडाची नीळ उन्हात विटते, दगड विटत नाही.

पुढे एक वाईट प्रकरण घडलं. अजिंठा निजामाच्या हद्दीत होता. चित्रांचे पोपडे सुटत होते, म्हणून १९२० ते १९२२ च्या दरम्यान निजाम सरकारनं इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले, चेक्कोनी आणि ओर्सिनी. त्यांनी सुटणारा रंग भिंतीला चिकटवला, म्हणून आज पुष्कळ काही शिल्लक आहे, हे आधी सांगायला पाहिजे. पण वर लाखेचं वार्निश दिलं. त्याआधी नकला काढणाऱ्यांनीही वार्निश फासलेलंच होतं. लाख जुनी झाली की पिवळी, मग तपकिरी होते. पिवळा पडदा निळा उजेड खाऊन टाकतो. म्हणजे बदख्शानचा निळा आणि घरची काजळी पुन्हा एक झाले. कितीतरी वर्षं लोक ते बघून "अजिंठ्याचे मातकट, गंभीर रंग" म्हणत राहिले. ताडून बघायला जुन्या नकलाही धड उरल्या नव्हत्या. रॉबर्ट गिलच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. नंतर पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी हे वार्निश हळूहळू, बोटभर जागा घेत उतरवलं, आणि खालून निळे निघाले.

तोवर इकडे तो निळा स्वस्त झाला होता. लाजवर्द इतका महाग, की १८२४ मध्ये फ्रान्समध्ये तो कृत्रिमरीत्या बनवणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं. १८२८ मध्ये ते गिमे नावाच्या माणसाला मिळालं. चिनी माती, सोडा, गंधक, कोळसा, सगळं भट्टीत. रसायन तेच, किंमत नगण्य. आणि हा रंग कुठे पोचला? कपड्यांच्या निळीत. नाव झाडाचं, माल दगडाचा. मग नीळ कपड्यांवरून भिंतीवर आली, कारण चुन्यात चिमूटभर टाकली की सफेदी खुलते.

आमची भिंत खरवडताना डिस्टेंपरच्या खाली फिका निळा थर निघाला. पेंटर पुढे खरवडायला लागला तर आजी म्हणाली, तो मी दिलेला हाय. दर दिवाळीला चुना भिजवायचा आणि निळीची पुडी फडक्यात बांधून त्यात फिरवायची.

एवढ्यात आजीच्या मोतीबिंदूची तारीख आली. घरात धूळ चालणार नव्हती, म्हणून काम थांबलं. भिंतीवर माझे दोन पट्टे, हातभर रुंद, तसेच राहिले. मीही तेवढ्यात ते सकाळी, दुपारी आणि लाइट गेल्यावर बघून घेतले. रात्री एलईडीखाली मला कोळशाचा आवडायचा, सकाळी तो नुसता मळका दिसायचा.

मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळं-तपकिरी होत जातं. लाखेच्या वार्निशसारखंच. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. उजव्या डोळ्याची पट्टी निघून आठवडा झाला तेव्हा आजी सकाळी खुर्ची ओढून भिंतीसमोर बसली. डावा डोळा हातानं झाकला. मग उजवा. मग पुन्हा डावा.

"अरे, या डोयानं दोन्ही काये दिसते," ती म्हणाली, "अन् या डोयानं हा एक निया दिसते."

बाबा उठून आले. आजी बोट ठेवून होती ते शाईच्या पट्ट्यावर. मी पेंटरला फोन लावला आणि त्या रंगाचा नंबर सांगितला. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे.