मजले गेले, दरारा राहिला

पुण्यात उत्तुंग इमारतीचा नवा प्रस्ताव आला की शहराचे क्षितिज बदलणार, अशी चर्चा होते. हे क्षितिज अठराव्या शतकातही बदलले होते.

१० जानेवारी १७३० रोजी थोरल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याची पायाभरणी केली. २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. खर्च १६,११० रुपये. सागवान जुन्नरच्या जंगलातले, दगड चिंचवडच्या खाणींतला, चुना जेजुरीचा. पुढील पेशव्यांनी इमारती व मजले वाढवले. सर्वांत वरच्या मेघडंबरीतून आळंदीच्या देवळाचा कळस दिसे, असे सांगतात. दृष्टीआड येईल असे मध्ये काही नव्हतेच!

याच वाड्यात मस्तानीचा महाल होता. तो उरला नाही. शिरूर तालुक्यातील पाबळ या तिच्या इनाम गावातली तिची साधी समाधी मात्र उरली.

२७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली. लाकडी मजले भस्मसात झाले. तट, दरवाजे आणि जोती तेवढी राहिली.

तरीही आसपासच्या इमारतींची उंची आज हा वाडाच ठरवतो. २०१० च्या केंद्रीय कायद्यानुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे; पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. परिणामी उपनगरांत मनोरे चढत असताना शनिवार आणि कसबा पेठेच्या या भागात आकाश मोकळे राहिले. त्याची किंमत मोजतात ते तिथल्या मोडकळीस आलेल्या जुन्या वाड्यांतले रहिवासी: मनाईच्या पट्ट्यात त्यांना डागडुजीची परवानगी मिळू शकते, वाडा पाडून नवा बांधण्याची नाही.