डब्यावरची बारीक अक्षरे



आपल्याकडे किराणा म्हणजे ओळखीचा वाणी. डाळ कुठली, तेल कोणत्या घाण्याचे, हे त्याला विचारायचे. नाहीच पटले तर घरी निवडायचे, दळायचे. अमेरिकेत 1916 साली मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स याने ‘पिगली विगली’ नावाचे दुकान काढले. तिथे गिऱ्हाइकाने टोपली घेऊन फळीवरचा माल स्वतःच उचलायचा. पुढे सगळा देशच असा बाजार करू लागला. 1965 च्या कायद्याने आशियातल्या डॉक्टर-इंजिनियरांना अमेरिकेची वाट मोकळी झाली, आणि त्यांच्या संसाराबरोबर आपल्या श्राविकाही त्या फळ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. विचारायला माणूस नाही. जे सांगायचे ते डब्याने.

आणि डबा सगळे सांगत नव्हता. 1938 च्या कायद्याने घटक छापणे आले होते खरे, पण ब्रेड, चीज, मेयोनीज अशा ज्या पदार्थांची कृती सरकारनेच ठरवून दिली होती, त्यांना पूर्ण यादीतून सूट होती. ती सूट 1990 च्या कायद्याने गेली. तोवरची वर्षे या बायकांनी कशी काढली असतील!

छापलेले शब्दही फसवे. ‘शॉर्टनिंग’ म्हणजे आपले मोहनच की; पण ते वनस्पती तेलाचे की डुकराच्या चरबीचे? ‘जिलेटिन’ म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेले, आणि ते मुलांच्या रंगीत जेलीत. चीजवर नुसते ‘एन्झाइम्स’. दूध साकळवायला वासराच्या जठरातले रेनेट वापरायची जुनी रीत. 1990 मध्ये प्रयोगशाळेत तयार केलेल्या एन्झाइमला तिथे परवानगी मिळाली, पण डब्यावर दोन्हींना शब्द तोच. म्हणजे वाचता येऊनही कळेना.

मदत झाली ती ज्यू लोकांच्या खुणेची. दूध आणि मांस एकत्र न करणे हा त्यांचा नियम, म्हणून त्यांच्या धर्मसंस्था कारखाना तपासून डब्यावर शिक्का देतात. वर्तुळातला ‘यू’ हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध, 1920 च्या दशकापासूनचा. त्याच्याजवळ ‘पारेव्ह’ लिहिले असेल तर आत दूधही नाही, मांसही नाही. मात्र अंडे, मासे आणि मध त्यांना पारेव्हमध्ये चालतात! म्हणजे परक्याच्या धर्माचा आधार घ्यायचा, आणि उरलेले आपण वाचायचे. मला हे फार शहाणपणाचे वाटते.

डाळ-मसाल्यांचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अॅव्हेन्यूवर ‘कलुस्त्यान’ हे आर्मेनियन माणसाचे दुकान 1944 पासून होते. तिथे हळद, डाळी मिळू लागल्या. 1974 मध्ये शिकागोच्या डेव्हॉन अॅव्हेन्यूवर ‘पटेल ब्रदर्स’ सुरू झाले.

बाहेरच्या खाण्याचे काय, तर एकच गोष्ट सांगते. मॅकडोनाल्डने 1990 मध्ये जाहीर केले की आमचे बटाट्याचे काप आता वनस्पती तेलात तळतो. शाकाहारी लोक निश्चिंत झाले. पुढे कळले, त्यात गोमांसाचा अर्क होता आणि यादीत तो ‘नैसर्गिक स्वाद’ या नावाखाली होता. 2001 मध्ये दावा झाला, 2002 मध्ये कंपनीने माफी मागून एक कोटी डॉलर द्यायचे कबूल केले. (बटाटा मुळात कंदमूळ, हा मुद्दा वेगळा. आपल्यातही चातुर्मासापुरताच सोडणाऱ्या कमी नाहीत.)

तिथल्या जैनांच्या इतिहासात मंदिरांच्या प्रतिष्ठेची, 1981 साली स्थापन झालेल्या ‘जैना’ महासंघाची नोंद सापडते. पाव उलटा करून त्यामागची यादी वाचणाऱ्या बाईची कुठे सापडते? नियम टिकला तो तिच्या हातात.

आपल्याकडे हिरवा ठिपका आला तो थेट 2001 मध्ये. त्यापूर्वी बिस्किटाच्या पुड्यावर आपणही काय बघत होतो? आणि सख्यांनो, मधाच्या बाटलीवरही तो हिरवा ठिपका असतो. कांदा-लसणाच्या चिवड्यावरही.