तळघरातील शिकवणी ते इंटरनेटवरील प्रश्नसंग्रह : पदव्युत्तर प्रवेशपरीक्षांच्या तयारीच्या व्यवसायाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

जीआरई, जीमॅट यांसारख्या परीक्षांची तयारी इंटरनेटवरून करून घेणे आणि त्यावर अर्थार्जन करणे हा प्रकार आपल्या महाविद्यालयीन वर्तुळात आता अपरिचित राहिलेला नाही. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या काही सहकाऱ्यांच्या घरखर्चाला अशा शिकवण्यांचाच हातभार असतो. हा व्यवसाय म्हणजे नव्या तंत्रज्ञानाचे अपत्य होय, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील इतिहासाच्या आधारे त्या समजाची तपासणी केली आहे. व्यवसाय जुनाच आहे. त्यात विकली जाणारी वस्तू मात्र बदलली, आणि या बदलाचे मूळ इंटरनेटपेक्षा परीक्षेच्या रचनेत अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

परीक्षा व शिकवणी

जीआरईचा आरंभ १९३६ साली कार्नेगी प्रतिष्ठानच्या पुढाकाराने पूर्व अमेरिकेतील मोजक्या विद्यापीठांत झाला. १९४७ साली एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस (ईटीएस) ही संस्था स्थापन झाल्यावर ही परीक्षा तिच्याकडे आली. व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशासाठीची, पुढे जीमॅट म्हणून ओळखली गेलेली परीक्षा १९५४ साली सुरू झाली. तत्पूर्वीच, १९३८ साली, स्टॅन्ली कॅप्लन या तरुणाने न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे आईवडिलांच्या घराच्या तळघरात शिकवण्या सुरू केल्या होत्या. वैद्यकीय महाविद्यालयांनी त्यांना प्रवेश नाकारला होता. आपण ज्यू आहोत आणि सार्वजनिक महाविद्यालयात शिकलो, हेच त्यामागील कारण असल्याचे ते मानीत. घराणे व शाळा न पाहता केवळ गुण पाहणारी परीक्षा त्यांना म्हणूनच न्यायाची वाटे. शिकवणीच्या या धंद्यामागे असलेली ही भावना आपण सहसा विसरतो.

अशा परीक्षांत शिकवणीने गुण फारसे वाढत नाहीत, अशी परीक्षासंस्थांची दीर्घकाळ भूमिका होती. १९७९ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या चौकशीत शिकवणीचा काही परिणाम होतो असे आढळले. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने कायदा करून परीक्षेनंतर प्रश्न व उत्तरे उघड करण्याचे बंधन घातले. कॅप्लन तत्पूर्वी परीक्षा संपल्यावर विद्यार्थ्यांना पिझ्झाची मेजवानी देत आणि गप्पागप्पांत त्यांना आठवणारे प्रश्न जाणून घेत. एकदा होऊन गेलेली प्रश्नपत्रिका उघड झाल्यावर या आठवणींचे मोल उरले नाही. शिक्षकाकडे विकण्यासाठी राहिले ते केवळ शिकविणे.

संगणकीकृत परीक्षा आणि आठवणींचा बाजार

१९९३ साली जीआरई संगणकावर, परीक्षार्थीच्या उत्तरांनुसार काठिण्यपातळी बदलणाऱ्या स्वरूपात घेतली जाऊ लागली आणि चित्र पालटले. एक उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अवघड, चुकले की सोपा. सर्वांनी एकाच दिवशी एकच प्रश्नपत्रिका सोडविण्याची पद्धत संपली. परीक्षा वर्षभर अनेक दिवशी होऊ लागली आणि एकाच प्रश्नपेढीतील प्रश्न पुनःपुन्हा वापरले जाऊ लागले. साहजिकच सोमवारच्या परीक्षार्थीची स्मरणशक्ती शुक्रवारच्या परीक्षार्थीस मोलाची ठरली. १९९४ च्या डिसेंबरमध्ये कॅप्लन यांच्या कंपनीने (ती १९८४ पासून वॉशिंग्टन पोस्ट कंपनीच्या मालकीची होती) आपले कर्मचारी परीक्षेस बसविले, प्रश्न लक्षात ठेवून उतरविले व ते ईटीएसपुढे ठेवले. व्यवस्थेतील छिद्र दाखविणे हा आपला हेतू असल्याचे कंपनीने सांगितले. ईटीएसने काही काळ परीक्षा आवरती घेतली आणि कंपनीवर खटला भरला.

येथवर इंटरनेटचा संबंध नाही, हे ध्यानात घ्यावे. इंटरनेटने या आठवणी एकत्र केल्या आणि त्यांना गिऱ्हाईक मिळवून दिले. चीन, तैवान व दक्षिण कोरियात आठवणीतले प्रश्न संकेतस्थळांवर इतके पसरले की, २००२ साली ईटीएसला तेथे पुन्हा कागदी परीक्षेकडे वळावे लागले. २००८ साली जीमॅटच्या चालू प्रश्नांचा मासिक वर्गणीवर व्यापार करणाऱ्या 'स्कोअरटॉप' या संकेतस्थळाविरुद्ध अमेरिकी न्यायालयाने सुमारे २३ लाख डॉलरचा निवाडा दिला. वर्गणी सुमारे तीस डॉलर होती. काही परीक्षार्थींचे गुणही रद्द झाले. वर्गणीदारांपैकी आपण निव्वळ सराव करतो आहोत असे प्रामाणिकपणे मानणारे कोणीच नसतील, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

पुण्या-मुंबईतील अभियांत्रिकीचे विद्यार्थी त्या काळात बॅरन्सच्या पुस्तकातील ३५०० शब्दांची यादी पाठ करीत. वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे जाता जाता त्या पुस्तकांची पाने सुटत. त्या घोकंपट्टीची थट्टा पुष्कळ झाली. पण तेथे विकत मिळत होते ते शब्दांचे ज्ञान, उद्याची प्रश्नपत्रिका नव्हे.

शिक्षकाचे स्थान

२००५ साली बंगळूर येथे सुरू झालेल्या ट्यूटरव्हिस्टाने भारतीय शिक्षकांना अमेरिकेतील, मुख्यतः शालेय, विद्यार्थ्यांशी इंटरनेटद्वारे जोडले. २००९ मध्ये बर्कली येथे निघालेल्या मॅगूशने जीआरईची तयारी केवळ इंटरनेटवरून देऊ केली. दोन्हीकडे शिक्षकाचे श्रम हीच विक्रीची वस्तू होती, आणि कॅप्लन यांच्या तळघराशी खरे नाते याच प्रवाहाचे आहे.

आपल्याकडे मात्र या श्रमाचे स्थान संदिग्ध आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० व २०१८ च्या विनियमांतील आचारसंहिता कर्तव्यात बाधा आणू शकणाऱ्या खाजगी शिकवण्यांपासून शिक्षकास दूर राहण्यास सांगते. पूर्ण वेतन घेणाऱ्यास ते योग्यच आहे. परंतु ज्यास केवळ घेतलेल्या तासांचे मानधन मिळते आणि सुट्टीत तेही मिळत नाही, त्याने उरलेल्या वेळेत काय करावे याविषयी ती मौन बाळगते. दरम्यान परीक्षाच आक्रसत चालली आहे. २०२० पासून जीआरई घरूनही देता येते, सप्टेंबर २०२३ पासून ती दोन तासांच्या आत संपते, आणि अमेरिकेतील अनेक विभागांनी तिची अट काढून टाकली आहे. रात्री दहानंतर संगणकापुढे बसून गणित शिकविणारे माझे एक तासिका-सहकारी सध्या त्याऐवजी विद्यार्थ्यांचे प्रवेश-निवेदन तपासून देतात. त्यातील किती वाक्ये विद्यार्थ्याची आणि किती आपली, हा हिशोब ठेवणे जड जाते, असे ते सांगतात.